तारापूर करार (भारत–अमेरिका, १९६३)

तारापूर अणुवीज केंद्राची उभारणी आणि त्याला लागणाऱ्या इंधनाचा पुरवठा यांसंबंधी भारत व अमेरिका यांच्यात ८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे झालेला, तीस वर्षे मुदतीचा करार. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या पालघर जिल्ह्यात, मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले हे केंद्र देशातील पहिले अणुवीज केंद्र होय. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालात, तर विजेची मोठी भूक मुंबईत आणि गुजरातच्या कारखान्यांत, अशा स्थितीत मुंबई आणि गुजरात यांच्या मधली आणि थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी हाताशी असलेली ही जागा सोयीची ठरली.

बांधकामाचा ठेका जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीस टर्न-की पद्धतीने, म्हणजे केंद्र उभे करून, चालवून दाखवून मगच हवाली करायचे या अटीवर देण्यात आला. बेक्टेल कंपनी तिच्या जोडीला होती. परकीय चलनाचा भार अमेरिकेच्या विकास साहाय्य संस्थेने अल्प व्याजाच्या, दीर्घ मुदतीच्या कर्जातून उचलला. भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रणेते होमी भाभा यांचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा खाणीतून मिळते तशाच, म्हणजे नैसर्गिक युरेनियमवर बेतलेला असताना त्यांनी समृद्ध युरेनियमवर (विखंडनक्षम अंश प्रक्रियेने वाढवलेल्या युरेनियमवर) चालणाऱ्या या अणुभट्ट्या स्वीकारल्या, त्यामागे अणुवीज येथेही व्यवहार्य आहे हे लवकर दाखवून देण्याची घाई होती. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. तो दिवस पाहायला भाभा हयात नव्हते.

कराराचे खरे मर्म इंधनाच्या कलमांत होते. तारापूरसाठी लागेल तेवढे समृद्ध युरेनियम अमेरिकेने विकायचे आणि भारताने तेथे दुसरे इंधन वापरायचे नाही, असे हे दुहेरी बंधन होते. अमेरिकेहून आलेल्या मालाच्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या बनत, त्या झिरकॅलॉय या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत भरल्या जात. अशा ३६ नळ्यांची एक जुडी आणि एका भट्टीत २८४ जुड्या. यंत्र एकदाच विकत घेता येते; या जुड्या मात्र दर काही महिन्यांनी थोड्याथोड्या बदलाव्याच लागतात, आणि ग्राहकाची मान विक्रेत्याच्या हाती जाते ती इथेच.

१८ मे १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर ही गोष्ट उघड झाली. चाचणीत तारापूरचे इंधन वापरलेले नव्हते, तरीही १९७८ च्या अमेरिकी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्याने भारताच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख हवी अशी नवी अट घातली आणि ती जुन्या करारालाही लागू केली. आधी सही केलेल्या कराराची अट एका बाजूच्या संसदेने नंतर बदलावी, हे भारताला मान्य होणे शक्य नव्हते. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवण्याचा आदेश काढला, तेव्हा सिनेटने तो ४८ विरुद्ध ४६ मतांनी, म्हणजे जेमतेम, तरू दिला. पुढे १९८२ मध्ये उभय देशांच्या संमतीने हा पुरवठा फ्रान्सकडे सोपवण्यात आला. करार १९९३ मध्ये संपल्यावर चीनने आणि त्यानंतर रशियाने इंधन दिले. अमेरिकी भट्ट्यांनी अशी चार देशांची रसद खाल्ली.

या अनुभवाने नैसर्गिक युरेनियम व जड पाणी (हायड्रोजनच्या जड रूपापासून बनलेले पाणी) यांवर चालणाऱ्या भट्ट्यांचा आग्रह बळावला. तारापूरच्याच ३ व ४ क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या स्वदेशी भट्ट्या २००५–०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. जुन्या दोन भट्ट्यांची क्षमता दुय्यम बाष्पजनित्रांतील (वाफ तयार करणाऱ्या यंत्रांतील) गळतीमुळे १६० मेगावॅटवर आणावी लागली होती. २०२० मध्ये त्या नूतनीकरणासाठी बंद करण्यात आल्या.

एक प्रश्न कराराने कधीच सोडवला नाही. वापरलेल्या इंधनावर भारताने पुनःप्रक्रिया करायला, म्हणजे त्यातले प्लुटोनियम व उरलेले युरेनियम वेगळे काढायला, अमेरिकेची संमती लागत होती, ती मिळाली नाही. आणि ते इंधन अमेरिकेने परतही नेले नाही. २००८ मध्ये दोन्ही देशांनी नवा नागरी अणुकरार केला, तरी जुन्या कराराचे हे उरलेले ओझे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली तारापूरच्या आवारातच साठवलेले आहे.