वकील एकच, खुर्च्या दोन: स्कूल बोर्डाला मत आणि न्यायाधीशाला मत

मे महिन्यात मैत्रिणीच्या लेकीचा फोन आला. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेनसिल्व्हेनियात, एक्स्टनला, राहायला येऊन तिला तीन वर्षं झालीत. नागरिकत्व नुकतंच मिळालंय. टपालाने आलेली आयुष्यातली पहिली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ती बसली होती.

"मावशी, इथे जज्जलासुद्धा आपणच मत द्यायचं? आणि हा वकील तर आत्ता स्कूल बोर्डावर आहे ना? तेव्हा त्याचं पत्रक आलं होतं, कर किती, वाचनाचे शिक्षक किती, सगळं लिहिलेलं. आता नुसतं 'अनुभवी आणि निष्पक्ष'. करणार काय, ते कुठेच नाही. आणि अगं, नवऱ्याच्या मतपत्रिकेवरही हाच! तो रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. छापताना घोळ झालाय का?"

घोळ झाला नव्हता. पेनसिल्व्हेनियात बहुतेक पदांसाठी उमेदवार एकाच पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, उतरतो. स्कूल बोर्ड आणि स्थानिक न्यायाधीश ही मात्र अशी पदं आहेत की त्यांच्यासाठी दोन्ही पक्षांकडे अर्ज भरता येतो. याला क्रॉस-फायलिंग म्हणतात. अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांना ही सोय नाही. शाळा आणि न्याय यांत पक्ष कमी यावा, हा त्यामागचा विचार. त्यात दोन्ही निवडणुका विषम वर्षी, एकाच दिवशी होतात. एकाच कोपऱ्यावर दोन्हींच्या पाट्या शेजारी शेजारी रोवलेल्या असतात, आणि दोन्हींवर बऱ्याचदा वकीलच. गावातल्या वकिलाची वाटही ठरल्यासारखी असते: आधी स्कूल बोर्ड, लोकांत नाव झालं की न्यायाधीशपद. मग मतदाराने दोन्ही एकाच मापाने मोजले तर त्याला दोष कसा द्यायचा?

भारतातून आलेल्यांचा गोंधळ आणखी एका शब्दाने होतो. आपल्याला 'बोर्ड' म्हटलं की दहावी-बारावी आठवते. इथलं स्कूल बोर्ड परीक्षा घेत नाही. ते तुमच्या शाळा-जिल्ह्याचं सरकार असतं. पेनसिल्व्हेनियात असे ५०० शाळा-जिल्हे आहेत. बहुतेकांच्या बोर्डावर चार वर्षांसाठी निवडून आलेली नऊ माणसं, सगळी बिनपगारी. सुपरिंटेंडंट (शाळा-जिल्ह्याचा कारभार बघणारा प्रमुख) नेमणं, अंदाजपत्रक मंजूर करणं, घरपट्टीतला शाळेचा वाटा ठरवणं, शाळेचे नियम करणं ही त्यांची कामं. आणि न्यायाधीश निवडून द्यायचा ही कल्पनाच आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात खालच्या कोर्टाचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात, उच्च न्यायालयाचे कॉलेजियममार्फत.

एडिसनहून आलेल्या माणसाला तर हे जास्तच बुचकळ्यात टाकतं. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्ड निवडून देतात, पण न्यायाधीश राज्यपाल नेमतो आणि सिनेट मान्यता देते. आधी सात वर्षांसाठी, पुन्हा नेमणूक झाली की सत्तरीपर्यंत. डेलावेअर नदी ओलांडून फिलाडेल्फिया शहरात या, नेमकं उलट: न्यायाधीश लोक निवडतात आणि स्कूल बोर्ड महापौर नेमतो. आणखी अर्धा तास पश्चिमेला आमच्या उपनगरांत या, दोन्ही लोक निवडतात. तासाभराच्या रस्त्यात तीन रीती.

आता मूळ फरकाकडे येते. तो कलमांतून सांगण्यापेक्षा आपल्या घरांत घडणाऱ्या गोष्टीतून सांगितला तर लवकर कळतो.

डिसेंबरात चुलतभावाचं लग्न पुण्यात. आपण तीन आठवडे जातो, नाताळाची सुट्टी धरूनही मुलाचे शाळेचे आठ-दहा दिवस बुडतात. प्रवासाचे किती दिवस 'मंजूर गैरहजेरी' धरायचे हे शाळा-जिल्ह्याच्या धोरणात असतं, आणि ते धोरण स्कूल बोर्ड करतं. समजा तिथे पाच दिवस लिहिलेत. मग उरलेले दिवस नामंजूर. राज्याच्या कायद्यात तीन नामंजूर दिवस झाले की मूल 'ट्रूअंट' म्हणजे शाळा बुडवणारं, सहा झाले की 'सवयीने ट्रूअंट'. शाळेने आधी घरी पत्र पाठवायचं, पालकांना बोलावून हजेरी सुधारण्याची योजना करायची. तरी निभावलं नाही, तर प्रकरण मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जज्जसमोर, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्थानिक कोर्टाच्या न्यायाधीशासमोर, जाऊ शकतं. पहिल्या वेळी ३०० डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्या वेळी ५००, त्यानंतर ७५०. दंडाऐवजी समाजसेवा किंवा हजेरीचा कार्यक्रमही लावता येतो.

या एकाच गैरहजेरीकडे आपला वकील दोन खुर्च्यांवरून कसा बघेल?

बोर्डावर असताना तो म्हणू शकतो, "आपल्या भागात परदेशातून आलेली कुटुंबं खूप आहेत, पाचाचे दहा दिवस करू." त्यासाठी त्याला उरलेल्या आठ जणांपैकी चार तरी बाजूला वळवावे लागतील, कारण एकट्या सदस्याला काहीच अधिकार नसतो. पण नियम बदलला तर सगळ्या मुलांसाठी बदलला. तुम्ही त्याला किराणा दुकानात गाठून हे सांगू शकता, मेल करू शकता, बोर्डाच्या बैठकीत माइकसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडू शकता. त्याचं काम म्हणजे तुमचं ऐकणं आणि तुमच्या वतीने ठरवणं.

न्यायाधीश झाल्यावर तोच माणूस पाचाचे दहा करू शकत नाही. नियम त्याच्या हातातला नाही. त्याच्यासमोर एक मूल, एक आईवडील, शाळेचा एक प्रतिनिधी. पत्र वेळेवर पाठवलं होतं का? बैठक घेतली होती का? मूल शाळेत का येत नाही? हे ऐकून, पुरावा बघून त्याने एकट्याने निकाल द्यायचा. आणि त्या प्रकरणाबद्दल किराणा दुकानात तुम्ही त्याला गाठलंत, तर त्याने तिथून निघून जायला हवं. एका बाजूचं गुपचूप ऐकणं हा त्याच्यासाठी आचारसंहितेचा भंग आहे. बोर्ड सदस्याचा जो गुण, तोच इथे दोष.

म्हणून त्या पोरीला मी सांगितलं, तू ज्याला टाळाटाळ म्हणतेस तो त्याचा शहाणपणा असू शकतो. स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला "सुट्टीचे दिवस वाढवाल का?" विचार, आणि तो "बघू" म्हणाला तर खुशाल मत देऊ नको. न्यायाधीशाच्या उमेदवाराला "भारतात जाणाऱ्या पालकांना सोडून द्याल का?" विचारलंस, आणि तो "हो हो, नक्की" म्हणाला, तर त्याला अजिबात मत देऊ नको. आज तुला दिलेला शब्द उद्या तो दुसऱ्या कुणालाही देईल, आणि त्या कोर्टात कदाचित समोरची बाजू तुझी असेल.

याबद्दल कायदाही आहे. २००२ मध्ये मिनेसोटाच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की न्यायाधीशाच्या उमेदवाराला वादाच्या कायदेशीर प्रश्नांवर आपलं मत सांगण्यापासून राज्य रोखू शकत नाही. पण पुढे येणाऱ्या प्रकरणांबद्दल वचन देण्यावरची बंदी त्या निकालाने उठली नाही, ती अजून आहे. पैशाचंही तसंच. स्कूल बोर्डाचा उमेदवार स्वतः तुमच्याकडे देणगी मागू शकतो. पेनसिल्व्हेनियात न्यायाधीशाच्या उमेदवाराला स्वतः हात पसरता येत नाही, त्याची समिती पैसे गोळा करते.

मुदतीतला फरक तर डोळ्यांत भरण्यासारखा. बोर्ड सदस्य चार वर्षांनी पुन्हा तुमच्या दारात. मॅजिस्टेरियल न्यायाधीश सहा वर्षांनी. या पदाला कायद्याची पदवी लागतच नाही, अभ्यासक्रम करून परीक्षा पास झालं की पुरतं. त्याच्या वर काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, कोर्ट ऑफ कॉमन प्लीज असतं. तिथला न्यायाधीश वकीलच असावा लागतो, त्याला वकिली सोडावी लागते, आणि तो दहा वर्षांसाठी बसतो. दहा वर्षांनी त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो. मतपत्रिकेवर एवढंच असतं: याला ठेवायचं का? हो किंवा नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे या दोन खुर्च्या खरोखर एकमेकींत मिसळतात, आणि ती फार कमी पालकांना माहीत असते. विद्यार्थ्याला शाळेतून सलग दहा दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं असेल तर रीतसर सुनावणी लागते, आणि ती बोर्डासमोर किंवा बोर्डाने नेमलेल्या समितीसमोर किंवा अधिकाऱ्यासमोर होते. मुलाला वकील आणता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. निर्णय पटला नाही तर कोर्टात जाता येतं. म्हणजे जो माणूस 'शाळेत शिस्त आणीन' म्हणाला म्हणून तुम्ही त्याला निवडून दिलंत, तोच त्या संध्याकाळी न्यायाधीशासारखा बसलेला असतो, आणि समोर सोळा वर्षांचा मुलगा. मला वाटतं, बोर्डावर वकील असण्याचा खरा उपयोग इथेच होतो. घरपट्टीचं गणित कुणी हिशेबनीसही करेल. पण निवडणुकीतलं आपलं वाक्य बाजूला ठेवून समोरच्या मुलाचं ऐकायचं, ही सवय ज्याने कोर्टात वर्षानुवर्षं उभं राहून लावून घेतली आहे, त्याची तिथे गरज असते.

८ नोव्हेंबर २००५ हा दिवस मी या विषयावर बोलताना नेहमी सांगते, कारण पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी त्या एकाच दिवशी या दोन्ही खुर्च्यांचं काय केलं ते बघण्यासारखं आहे.

यॉर्क काउंटीतल्या डोव्हर या लहान गावी आदल्या वर्षी स्कूल बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं होतं की जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीबरोबर 'इंटेलिजंट डिझाइन'चाही, म्हणजे सजीव कुण्या बुद्धिमान शक्तीने घडवले या विचाराचाही, उल्लेख व्हावा. अकरा पालक संघराज्याच्या कोर्टात गेले. निकाल यायच्या आधीच निवडणूक आली, आणि बोर्डाच्या ज्या आठ जागांसाठी मतदान होतं त्या आठही जागांवर लोकांनी जुन्यांना घरी पाठवलं. निकाल आला २० डिसेंबरला. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी बोर्डाचं धोरण घटनाबाह्य ठरवलं. जोन्स निवडून आलेले नव्हते, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांना नेमलं होतं. गाव मतदानाने ज्या जागी पोचलं तिथेच कोर्ट पुराव्याने पोचलं, वाटा पूर्ण वेगळ्या. डोव्हरच्या मतदारांना आपलं बोर्ड काय करतंय हे उघड दिसत होतं. बैठका सगळ्यांसमोर झाल्या होत्या, भांडणं सगळ्यांसमोर झाली होती.

त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रसेल नायग्रो 'ठेवायचं का'च्या मतदानात हरले. असं त्या न्यायालयात आधी कधी घडलं नव्हतं. कारण त्यांचा एखादा निकाल नव्हता. त्या जुलैत आमदारांनी मध्यरात्रीनंतर स्वतःचे, आणि सोबत न्यायाधीशांचे, पगार वाढवून घेतले होते. आमदार त्या दिवशी मतपत्रिकेवर नव्हते, न्यायमूर्ती होते. लोकांनी राग काढला तो चुकीच्या खुर्चीवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्याच वर्षी लुझर्न काउंटीत मार्क सियावारेला या न्यायाधीशाला मतदारांनी आणखी दहा वर्षं दिली. बालगुन्हेगारांना अजिबात दयामाया न दाखवणारा, शाळांत जाऊन मुलांना दम देणारा, अशी त्याची ख्याती होती आणि लोकांना ती आवडत होती. शाळेच्या अधिकाऱ्याची टिंगल करणारं पान इंटरनेटवर केलं म्हणूनही त्याने एका मुलीला बंदिस्त केंद्रात पाठवलं. बऱ्याच मुलांसोबत वकील नसायचा, सुनावणी काही मिनिटांत आटपायची. पुढे बाहेर आलं की खासगी बालसुधार केंद्रांशी संबंधित लोकांकडून त्याने आणि दुसऱ्या एका न्यायाधीशाने लाखो डॉलर घेतले होते. २०११ मध्ये त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली. हजारो मुलांवरचे निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला पुसून टाकावे लागले. कडक शिस्तीचं वचन पाळणारा माणूस स्कूल बोर्डाला चांगला की वाईट, यावर वाद होऊ शकतो. न्यायाधीशाने प्रत्येक मुलाला तेच ठरलेलं उत्तर देणं म्हणजे मात्र त्याने ऐकणंच सोडलं.

मग न्यायाधीशाला जोखायचं कसं? राज्याच्या वरच्या न्यायालयांच्या उमेदवारांना पेनसिल्व्हेनिया बार असोसिएशनची, म्हणजे वकिलांच्या संघटनेची, समिती 'विशेष शिफारस', 'शिफारस' किंवा 'शिफारस नाही' असा शेरा देते. फिलाडेल्फियात शहराची बार असोसिएशनही देते. तो आधी बघा. मतपत्रिकेवरच्या क्रमाला अजिबात महत्त्व देऊ नका. फिलाडेल्फियात तो क्रम हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीच्या जुन्या कॉफीच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरत आलाय. उमेदवार आधी स्कूल बोर्डावर असेल तर त्याने तिथे काय वचनं पाळली हे सोडा, शिस्तीच्या सुनावणीत आणि बैठकीत विरोधी बोलणाऱ्याशी तो कसा वागला ते विचारा. आणि कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, तिथे जाऊन बसा.

त्या पोरीला घेऊन मी एका सकाळी गेले. आमच्या भागातलं मॅजिस्टेरियल कोर्ट दुकानांच्या रांगेत आहे, एका बाजूला पिझ्झावाला, दुसरीकडे लाँड्री. आत पंधरा-वीस खुर्च्या, एक झेंडा, एक उंच टेबल. वेगाने गाडी चालवल्याची दोन प्रकरणं झाली, मग भाड्याचं एक. भाडेकरू बाई कागद शोधताना गडबडल्या, पिशवीतलं सगळं खाली सांडलं. न्यायाधीश थांबले. घड्याळाकडे बघितलं नाही, शाळेच्या बाईंसारखं "घाई नाही" म्हणाले आणि कागद सापडेपर्यंत गप्प बसले. घरमालकाचा वकील मध्ये बोलायला लागला, त्याला हातानेच थांबवलं. शेवटी निकाल त्या बाईंच्या विरुद्धच गेला.

बाहेर आल्यावर गाडीत बसताना पोरगी म्हणाली, "मावशी, यांचं पत्रक कधी आलं होतं गं? मी न वाचताच टाकून दिलं असणार."