प्राथमिक शाळेतील कागदनिर्मितीचे शिक्षण

कागद कशापासून आणि कसा तयार होतो हे लहान मुलांकडून हाताने करवून घेणे व त्यातून त्यांना कागद उद्योगाची ओळख करून देणे, असा हा अध्यापनाचा भाग परिसर अभ्यास आणि कार्यानुभव या दोन्ही विषयांत बसतो. मुंबईतल्या मुलाने कागदाची गिरणी सहसा पाहिलेली नसते, पण रद्दीचे दुकान त्याच्या रोजच्या वाटेवर असते. म्हणून येथे पाठाला रद्दीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

वर्गात जुन्या वर्तमानपत्रांचे आणि वह्यांच्या पानांचे बारीक तुकडे करून ते रात्रभर भिजत घालतात. प्लॅस्टिकचा थर दिलेला चकचकीत कागद वगळावा लागतो. भिजलेले तुकडे भरपूर पाण्यासह शिक्षकांनी मिक्सरमध्ये फिरवले, की लगदा तयार होतो. टबमधल्या या पातळ लगद्यात नायलॉनची जाळी ताणून बसवलेली लाकडी चौकट तिरपी बुडवायची, आडवी करून सरळ वर उचलायची आणि पाणी निथळेपर्यंत अलगद हलवायची. मग ती ओल्या सुती फडक्यावर पालथी घालून स्पंजने पाणी टिपले, की जाळी सुटते आणि फडक्यावर पान उरते. हे पान कशाने चिकटले असे विचारले, तर बहुतेक मुले डिंकाचे नाव घेतात. खरे म्हणजे पाणी निघून जाताना सेल्युलोजचे तंतू एकमेकांना बिलगतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. बंध हा शब्द या वयात शिकवण्याची गरज नाही. फाटलेल्या कडेवरचे तंतू भिंगातून दिसले, एवढे पुरेसे आहे. सुकलेल्या पानावर शाईचा थेंब टाकला तर तो पसरतो, खळ लावलेल्या पानावर तितका पसरत नाही. लिहिण्याच्या कागदावर गिरणीत वेगळी प्रक्रिया का करतात, हे त्यावरून कळते. मुंबईच्या पावसाळी हवेत पाने लवकर वाळत नाहीत व त्यांना बुरशी धरते, त्यामुळे हा उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर घेणे चांगले.

अनेकदा उपक्रम शुभेच्छापत्रे बनवून तिथेच थांबतो आणि उद्योगाची बाजू राहून जाते, ही मोठी उणीव होय. गिरणीतही कृती तीच असते. यंत्राच्या फिरत्या जाळीवर पडणाऱ्या लगद्यात सुमारे ९९ टक्के पाणी असते. ते आधी निथळते, मग रुळांच्या दाबाने पिळले जाते आणि शेवटी वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवर उडून जाते. लाकूड किंवा बांबू वापरायचा झाल्यास, त्याचे तुकडे रसायनांत शिजवून त्यांतील लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, आधी काढावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरची गिरणी बांबूसाठी ओळखली जाते. वर्तमानपत्राच्या कागदात बरेच लिग्निन शिल्लक असते आणि ते उन्हाने पिवळे पडते. त्याची एक पट्टी आणि वहीच्या पानाची एक पट्टी उन्हाच्या खिडकीत काही दिवस शेजारी ठेवली, तर आधी कोणती पिवळी पडते ते मुले स्वतः पाहू शकतात.

इतिहास थोडक्यात सांगावा. कागदाच्या शोधाचे श्रेय परंपरेने चीनमधील दरबारी अधिकारी त्साइ लुन याला दिले जाते आणि त्यासाठी इ. स. १०५ हे वर्ष सांगितले जाते. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे आणि पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. लाकडाचा लगदा एकोणिसाव्या शतकात रूढ होण्यापूर्वी युरोपात कागद मुख्यतः चिंध्यांचा होत असे, हे मुलांना विशेष नवलाचे वाटते.

गणिताशीही हा विषय सहज जोडता येतो. ए-४ आकाराची सोळा पाने मिळून एक चौरस मीटर भरते, त्यामुळे ८० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे) एक पान ५ ग्रॅमचे आणि ५०० पानांचे रीम अडीच किलोचे होते.

रद्दीच्या दुकानाला भेट दिल्यास वर्तमानपत्र, वह्या-पुस्तके आणि पुठ्ठा यांचे ढीग वेगळे का ठेवतात व प्रत्येकाला भाव वेगळा का मिळतो, हे दुकानदाराकडूनच ऐकता येते. मुंबईच्या उत्तरेला, गुजरातमधील वापी येथे, रद्दीपासून क्राफ्ट कागद, म्हणजे मजबूत तपकिरी कागद, करणाऱ्या गिरण्या आहेत. पुठ्ठ्याची खोकी अशा कागदाची होतात. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, म्हणून चांगल्या कागदासाठी लगद्यात नवे तंतू मिसळावे लागतात. वडापाव बांधलेला तेलकट कागद मात्र या ढिगात चालत नाही, कारण तेल लगद्यातून नीट निघत नाही आणि तयार पानावर डाग उमटतात.