ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ऑपरेशनची तारीख मिळायचीय: तोवर आरोग्य कर्नाटकचे कागद कसे लावायचे

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की घरात कुणाचंच डोकं चालत नाही, माहितीय मला. आमच्या काकीबरोबर आणि नंतर गल्लीतल्या दोघीतिघींबरोबर मी हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीसमोर उभी राहिलेय, आणि सगळ्यांचे कागद त्याच त्या कारणांनी परत आले, म्हणून लिहितेय.

कुणाला काय मिळतं ते आधी. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल किंवा अंत्योदय रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या, म्हणजे योजनेने त्या उपचाराला ठरवलेल्या रकमेच्या, ३० टक्केच, तेपण वर्षाला दीड लाखापर्यंत. आधार आणि रेशनकार्ड, दोन्हीची ओरिजिनल आणि झेरॉक्स लागते.

आता खरी अडचण, नाव. रेशनकार्डावर कन्नडमध्ये नुसतं "लक्ष्मी", आधारवर "लक्ष्मीबाई", आणि केसपेपर काढताना गडबडीत कुणीतरी माहेरचं आडनाव सांगितलेलं, की बाई एकच असली तरी कॉम्प्युटरला तीन दिसतात. आधार आणि रेशनकार्ड दुरुस्त करायला दिवस जातात, आधारवर नाव तर आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पण केसपेपर आपल्या हातात आहे हो! पहिल्याच दिवशी आधार पुढे करा आणि त्यावर आहे तस्संच नाव घालायला सांगा, कारण तेच नाव पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायॉप्सी सगळ्यावर जातं.

दुसरं म्हणजे रेफरल. प्रायव्हेट हॉस्पिटलात योजनेतून ऑपरेशन करायचं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथली रेफरल चिठ्ठी घ्यावी लागते. लोक घाबरून सरळ प्रायव्हेटला जातात, डिपॉझिट भरतात, ऍडमिट होतात आणि मग विचारतात योजना लागेल का. मंजुरीच्या आधी भरलेले पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. गळ्यातलं गहाण ठेवून आलेल्या बाईला हे कळतं तेव्हा तिच्याकडे बघवत नाही, आणि हे दारातच मोठ्या अक्षरात, मराठीतपण लिहून लावायला काय जातं, सांगा बघू?

तिसरं, रिपोर्ट. नुसता "कॅन्सर आहे" एवढा कागद पुरत नाही. बायॉप्सीच्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ हार्मोनवर वाढते का आणि हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का) ही तपासणी होते, तिला आणखी काही दिवस लागतात. गाठ लहान आहे म्हणता मग लगेच कापत का नाहीत, असं काकी रोज रात्री विचारायची, झोप नव्हती तिला. कारण आधी ऑपरेशन की आधी केमो हे त्या रिपोर्टवरून ठरतं. लवकर सापडलेल्या गाठीत एक-दोन आठवडे नीट तपासणीत गेले म्हणून सहसा बिघडत नाही. कागदापायी महिने मात्र घालवू नका. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर लॅबमधून स्लाइड आणि बायॉप्सीचा तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, ब्लॉक काडेपेटीपेक्षा लहान असतो, हरवला तर परत सुई टोचायची पाळी येते.

कोल्हापूरला जाऊ का, हे खानापूर-निपाणीकडचे सगळेच विचारतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. पण आपलं गाव यादीत आहे का आणि त्या हॉस्पिटलात ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही योजनेतून होतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याला) फोन करून विचारल्याशिवाय गाडीत बसू नका. ऑपरेशन तिकडे आणि केमो इकडे केलं की परत सगळे कागद पहिल्यापासून.

प्रवासाचं म्हणाल तर बेळगावपर्यंत सरकारी साध्या बसला कर्नाटकाच्या शक्ती योजनेत इथल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सहीशिक्क्यानिशी घ्या.

आणि एक. योजनेच्या खिडकीवर आधार तपासायला अंगठा मागतात, आणि शेतात राबलेल्या हातांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. काकीने चारदा अंगठा पदराला पुसून ठेवला तरी नाही. मग ओटीपी मागतात, आणि आधारला नंबर असतो गोव्याला कामाला गेलेल्या मुलाचा. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, उद्या दहा ते दोन फोन चालू ठेव आणि आईचा फोन आला की उचल.