मधुमेहात नुसता सल्ला पुरत नाही

गोड टाळा, भात बेताचा खा, रोज चाला, हे मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांना तोंडपाठ असतं. घोडं अडतं ते करण्यापाशी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली आत्मक्षमतेची कल्पना इथे कामी येते. 'हे मला जमेल' असं वाटलं तरच माणूस सुरुवात करतो आणि अडचण आली तरी टिकून राहतो. हा भरवसा सर्वांत जास्त वाढतो तो स्वतःच्या हाताने जमल्यावर, त्याखालोखाल आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहून. उपदेशाचा नंबर त्यानंतर.

इन्सुलिन पेन, म्हणजे इन्सुलिन टोचून घ्यायचं पेनसारखं साधन, शिकवताना म्हणूनच ते रुग्णाच्या हातात द्यायला हवं. नवी सुई लावायची, 2 युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का पाहायचं, डोस लावायचा, 4 मिलिमीटरची सुई सरळ टोचायची, बटण पूर्ण दाबून सावकाश 10 आकडे मोजायचे. 'समजलं ना?' विचारलं की सगळेच मान डोलावतात. 'घरी कसं घ्याल ते करून दाखवा' म्हटलं की चूक तिथल्या तिथे दिसते. सुई घाईने काढली तर औषध त्वचेवर ओघळतं. रोज एकाच जागी टोचलं तर त्वचेखाली चरबीची गाठ होते. तिथे दुखतं कमी, म्हणून रुग्णाला तीच जागा बरी वाटते. पण तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं आणि साखर वरखाली होते. दोन टोचण्यांत बोटभर अंतर हवं. साखर आटोक्यात येत नसेल तर डोस वाढवण्याआधी पोटावर टोचायच्या जागी अशी गाठ आहे का ते चाचपून पाहावं. गाठ सोडून चांगल्या जागी टोचू लागल्यावर डोस कमीही करावा लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच.

मनाची तयारीही प्रत्येकाची वेगळी. मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी 1983 मध्ये बदलाचे टप्पे मांडले, बदलाचा विचारही नाही इथपासून केलेला बदल टिकवण्यापर्यंत. या टप्प्यांच्या आधारे दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 नोकरदार पुरुषांवर प्रयोग झाला. निष्कर्ष 2013 मध्ये आले. ज्याच्या मनाची जशी तयारी, तसे एसएमएस त्याला पाठवले. दोन वर्षांत या गटातल्या 18 टक्क्यांना मधुमेह झाला, एसएमएस न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना. इतक्या स्वस्त उपायाला हे यश मोठंच आहे.

ध्येय ठरवताना 'व्यायाम वाढवा' असं मोघम सांगू नये. 'रात्री जेवून हात धुतले की 10 मिनिटं चालणार' असं वेळेला बांधून घ्यावं. मग विचारावं, जमेल याची खात्री दहापैकी किती? उत्तर सातच्या खाली आलं तर 10 मिनिटांची 5 करावीत.