टप कापणे (चॉप टॉप)

चॉप टॉप म्हणजे गाडीचा टप ज्या पिलरांवर उभा असतो ते पिलर मधून कापायचे, त्यातला काही इंचांचा तुकडा काढून टाकायचा आणि टप खाली आणून परत वेल्ड करायचा. काचांची उंची कमी होते, डोक्यावरची जागा जाते, आणि गाडी आहे त्यापेक्षा लांब, बुटकी आणि जरा खुनशी दिसायला लागते. हा कॅलिफोर्नियातला प्रकार, १९३० च्या दशकात रुजला आणि १९५० च्या आसपास ऐन भरात होता. किती इंच कापला यावरच लोक जास्त बोलतात, पण खरं काम इंचात नसतंच, कापल्यावर टप कंपनीतूनच तसा आलाय असं वाटलं पाहिजे, आणि ते बहुतेक वेळा मागच्या काचेपाशी ठरतं.

सुरुवात दिसण्यासाठी झालेली नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटात मुरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, तळ कडक आणि सपाट, तिथे पोरं जुन्या फोर्ड घेऊन वेग मोजायला जायची (१९३७ मध्ये एससीटीए म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना निघाल्यावर त्याला जरा शिस्त आली). हवेला आडवं येणारं जेवढं कमी तेवढी गाडी जास्त पळणार, म्हणून रोडस्टरच्या (उघड्या दोन सीटच्या गाड्यांच्या) विंडशील्ड कापल्या गेल्या आणि कूपचे (बंद टपाच्या दोनदारी गाड्यांचे) टपही. मॉडेल ए किंवा १९३२ ची फोर्ड यासाठी सोयीची, कारण पिलर जवळजवळ सरळ उभे आणि काचा सपाट, टप सरळ खाली येतो आणि बऱ्यापैकी जुळतो. तरी दरवाजांच्या फ्रेम, काचा, आतली लायनिंग हे सगळं परत करावं लागतंच.

शर्यतीतून हे शोभेच्या गाड्यांकडे आलं. सॅक्रामेंटोमधला हॅरी वेस्टरगार्ड हा या शैलीचा एक मूळ पुरुष, जॉर्ज बॅरिस त्याच्याकडे बघून शिकला आणि पुढे लॉस एंजेलिसला जाऊन भाऊ सॅमबरोबर त्याने जे दुकान चालवलं ते या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. जॉर्जला प्रसिद्धी जमायची, पत्र्याचा हात सॅमचा, आणि माझ्या मते श्रेय वाटताना हे अजूनही नीट पाळलं जात नाही. कन्व्हर्टिबलवाल्यांसाठी (ज्यांच्या गाडीचा कापडी टप घडी होतो) वेगळी सोय होती, लॉस एंजेलिसच्याच कार्सन टॉप शॉपमध्ये विंडशील्ड कापलेल्या गाडीवर घडी न होणारा, आतून गादी भरलेला, उचलून काढता येणारा टप बनवून मिळायचा. तो इतका डौलदार दिसायचा की पत्र्याचे टप कापणाऱ्यांनीही त्याच्या रेषा डोळ्यासमोर ठेवल्या.

खरी परीक्षा १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरीने (फोर्ड कंपनीचाच एक ब्रँड) घेतली. ही गाडी सगळीकडून गोल, पिलर तिरके. तिरका पिलर वर जाताना आत झुकत जातो, म्हणजे टप खाली आणला की त्या उंचीवर पुढच्या आणि मागच्या पिलरमधलं अंतर जास्त असतं आणि टप आखूड पडतो. मग एक तर टप मधोमध कापून आत पत्र्याची पट्टी घालून लांब करायचा, नाहीतर पिलर बुडाशी अर्धवट कापून वाकवायचे आणि टपाला भेटवायचे, बहुतेक जण दोन्ही थोडं थोडं करतात. कापण्याआधी गाडीच्या आतून आडवेतिडवे लोखंडी आधार लावून घेतात, ते न लावता कापलं तर बॉडी हलते आणि मग दरवाजे आयुष्यभर नीट लागत नाहीत. मागची काच वक्र, ती कापणं अवघड, म्हणून ती अख्खी ठेवून तिच्या चौकटीसकट पुढे पाडतात, उतार लांब होतो आणि डिकीपर्यंत एकच रेषा वाहत जाते. त्यामुळे पुढून जेवढे इंच काढले त्यापेक्षा मागून जास्त निघतात.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बॉब हिरोहाताची १९५१ ची मर्क्युरी, बॅरिसच्या दुकानात १९५२ मध्ये बनलेली. पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच, मधला पिलरच काढून टाकला त्यामुळे काचा खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी, त्यावर ब्युइकची क्रोम पट्टी आणि दोन छटांचा हिरवा रंग. २०२२ च्या जानेवारीत ती लिलावात जवळपास २१ लाख डॉलरला गेली. तरी मला स्वतःला त्याआधीची निक मॅट्रांगाची १९४० ची मर्क्युरी जास्त आवडते, तीही बॅरिसचीच, बाजूच्या काचेची कड मागे गोल वळत खाली येते आणि टप किती कापलाय हे विचारायचं सुचतच नाही.

जोड भरायला तेव्हा आजची लांबी (पुट्टी) नव्हती, शिसं वापरायचे. आधी पत्र्याला कल्हई करून घ्यायची, मग शिसं आणि कथलाची कांडी गॅसने मऊ करून चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीने पसरायची आणि थंड झाल्यावर कानशीने उतरवायची. या गाड्यांना लेड स्लेड (शिशाची घसरगाडी) म्हणतात ते या शिशामुळेच.

नुसता टप कापून भागत नाही. गाडी जमिनीपासून खाली घेतली नाही तर ती मोठ्या डोक्यावर लहान टोपी घातल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे टप खाली आला की खालची बॉडी जाड वाटायला लागते, त्यावर बरबँकच्या व्हॅली कस्टमवाल्यांचा उपाय म्हणजे बॉडीचीच कंबरेतून आडवी पट्टी कापून काढायची, हे काम टपापेक्षा कितीतरी किचकट. बाकी साज ठरलेला, बॉनेटवरची चिन्हं आणि दरवाजांची हँडल काढून भोकं बुजवायची, हेडलाइट मडगार्डमध्ये आत बसवायचे, मागची चाकं झाकायची, डिसोटो गाडीची दातेरी ग्रिल लावायची. यातलं सगळं एकाच गाडीवर लावणारेही होते आणि त्या गाड्या आज बघवत नाहीत.

चालवायला मात्र त्रासच. विंडशील्ड एवढी बुटकी की सिग्नलपाशी थांबलं की वरचा दिवा दिसत नाही, त्यासाठी डॅशबोर्डवर ठेवायची एक प्रिझमसारखी काच मिळायची, तिच्यात दिव्याचा रंग दिसायचा.

१९५० च्या दशकाच्या मध्यानंतर हे ओसरलं. कडेला वळलेल्या मोठ्या विंडशील्ड आल्या, त्या कापणं फार कठीण, आणि १९५७ पर्यंत क्रायस्लरसारख्या कंपन्या स्वतःच इतक्या बुटक्या गाड्या काढायला लागल्या की कापायला उरलं काय. लॅरी वॉटसनसारखे लोक मग रंगावरच सगळं करू लागले. पुढे १९८० मध्ये कस्टम केम्प्स ऑफ अमेरिका ही अशा गाड्यांच्या शौकिनांची संघटना निघाली आणि कापलेल्या मर्क्युरी परत मेळाव्यांत दिसायला लागल्या.

आज वेल्डिंग सोपं झालंय, काच तशीच अडेल. दोन थरांची लॅमिनेटेड काच कापता येते, वक्र असेल तर वाळूच्या फवाऱ्याने हळूहळू, पण टेम्पर्ड काच कापायला गेलं की तिचा चुरा होतो, म्हणून बाजूच्या काचा सपाट लॅमिनेटेड शीटमधून नव्या कापून घेतात. मुरलेले कारागीर तर विंडशील्ड आधी कापून बघतात आणि ती शाबूत राहिली तरच टपाला हात लावतात.