तीच चेन, तोच फणस, मग फळी पाडताना पीठ का पडतं?

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, आणि तेव्हापासून आमच्या नात्यात तीन-चार घरांत तरी चेनसॉ (इंजिनावर चालणारी साखळीची करवत) आला. परवा मावसभावाने पडलेल्या फणसाच्या फळ्या घरीच पाडायच्या ठरवल्या, मोबाइलवर व्हिडिओ बघून. ओंडक्याचे तुकडे करेपर्यंत मशीन मस्त चाललं, पण फळी पाडायला घेतली तर नुसता धूर आणि पिठासारखा भुसा, अर्ध्या तासात हातभरही पुढे सरकेना. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, मशीन डुप्लिकेट आहे! तर ते डुप्लिकेट नव्हतं, आणि इथे जे घडतं ते मला इतकं आवडतं की सविस्तर लिहितोच.

लाकूड म्हणजे घट्ट बांधलेला खराटा समजा. हीर सगळे एकाच दिशेने, खोडाच्या उभ्या लांबीत, फक्त हे हीर आतून पोकळ असतात आणि लिग्निन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकांना चिकटलेले असतात. एक हीर आडवा तोडायला जोर लागतो, पण दोन हीर एकमेकांपासून सोडवायला फारसा लागत नाही. (कुऱ्हाडीने जळण उभं फोडतो, आडवं नाही, ते यामुळेच.)

आता चेनचा दात बघा. तो हातकरवतीसारखा टोकदार नसतो, दुमडलेल्या पत्र्यासारखा असतो: एक बाजूची उभी भिंत, तिच्यावर आडवं छप्पर, आणि दोन्ही मिळतात तिथे धारदार कोपरा. एक दात डावा, एक उजवा. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज किंवा रेकर म्हणतात. दाताची धार या उंचवट्यापेक्षा साधारण ०.६५ मिमीच वर असते, म्हणजे रंध्याचं पातं जेवढं बाहेर काढू तेवढीच साल निघते, अगदी तसंच. चेनसॉ म्हणजे खरंतर सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावणारे छोटे छोटे रंधे आहेत.

ओंडका आडवा कापताना उभ्या भिंती आणि कोपरे दोन्ही बाजूंनी हीर तोडतात, आणि मधला तुटलेला तुकडा छप्पर फक्त उचकटून काढतं. तोडायचं काम दोन कडांवर, बाकी सगळं सोडवायचं काम, म्हणून छान जाड ढलप्या पडतात. फळी पाडताना मात्र बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) ओंडक्याच्या रुंदीत आडवा ठेवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवतात, म्हणजे दातांसमोर हिरांची कापलेली तोंडं येतात. आता छपराला वाटेतला एकूण एक हीर तोडावा लागतो आणि भिंतीला जवळजवळ काम उरत नाही. फळीच्या तोंडावर रंधा मारून बघा, सुतार लगेच सांगेल किती जड जातो तो. काम बदललं, दात तोच राहिला.

म्हणून फळ्यांसाठी वेगळी चेन मिळते, रिपिंग चेन. साध्या चेनमध्ये छपराची धार साधारण ३० अंशांनी तिरकी घासलेली असते, कारण कोपरा सुरीसारखा टोकदार हवा. रिपिंगमध्ये तो कोन १० अंशांच्या आसपास, धार जवळजवळ सरळ. त्यामुळे डावे-उजवे दात आपापल्या बाजूला ओढत नाहीत आणि फळीवर खाचा कमी येतात. ताकद मात्र भरपूर लागतेच, कारण ओंडक्याच्या अख्ख्या रुंदीत एकावेळी बरेच दात अडकलेले असतात. ४०-४५ सीसीचं मशीन फांद्यांना ठीक आहे, नियमित फळ्या पाडणारे ७०-९० सीसीचं वापरतात. '२२ इंच बार' असल्या जाहिरातींना भुलू नका, बार लांब आणि इंजिन लहान म्हणजे बैल एक आणि नांगर दोन.

हा दात सुचला कसा तेही भारी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली, ती जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत हिरांच्या दिशेने आणि हिरांना आडवं, दोन्हीकडे आरामात लाकूड खात होती. त्यावरून त्याने हा दात बनवला. आणि आपल्याकडे भुंगा म्हटलं की अमावास्या! लाकूड, बांबू काळोख्या पक्षात तोडला की कीड लागत नाही म्हणतात. बांबूच्या भुंग्याला हवा असतो त्यातला स्टार्च, आणि तो ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. पंचांगापेक्षा महिना बघा आणि बांबू नीट वाळवा.

या सगळ्यात भावाची एक चूकही निघाली. त्याने दात तीनदा कानशीने घासले होते पण उंचवट्याला हातच लावला नव्हता. छप्पर मागे उतरतं असतं, त्यामुळे घासू तसा दात बुटका होतो, मग उंचवटा त्याच्या बरोबरीला येत जातो आणि दात लाकडाला जेमतेम टेकतो. धार असूनही पीठच. पण उंचवटा जास्त घासला तर दात खोल घुसतो आणि मशीन झटका मारतं, विशेषतः बारच्या नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) वरच्या भागाने, कारण तिथे चेन वळताना उंचवटा खाली झुकतो आणि दात आपोआप जास्त चावतो. मशीन उसळून थेट तोंडावर येतं. म्हणून नाकाने कापायचं नाही, आणि चेनसॉची खास पँट घालायचीच. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चाकात गुंडाळतात आणि मशीन अडकतं. बार ओंडक्याला समांतर धरून कापलं तर लाकडाच्याही अशाच लांब शेवया निघतात आणि त्याच जागी तुंबतात.

उंचवटे गेज लावून घासले, दात १० अंशांवर आणले, आणि भावाने दोन फळ्या काढल्या, हळूहळू, थांबत थांबत. प्रत्येक कापात साधारण ८ मिमी लाकूड भुशात गेलं, आरामशीनवर एवढं जात नाही. आता फळ्या पडवीत पट्ट्यांवर वाळतायत, पिवळ्याधमक, आणि दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासलाय, कारण पाणी सगळ्यात आधी बाहेर पडतं ते हिरांच्या त्या उघड्या तोंडांतूनच, आणि तिथे ते घाईने गेलं की फळी टोकाकडून तडकते.