नायलॉन पॉन्टीपूलला का गेलं?

‘न्यूयॉर्कचं एनवाय आणि लंडनचं लॉन, म्हणून नायलॉन!’ हा फॉरवर्ड मला यंदा तिसऱ्यांदा आला. गोष्ट गोड आहे, पण खोटी. ड्यूपॉन्ट या अमेरिकी कंपनीने मोज्यांची वीण उसवणार नाही अशा अर्थाच्या ‘नो-रन’ या शब्दाची अक्षरं उलटसुलट करत हे नाव घडवलं. आपण तर त्याच्याही पुढे जाऊन शेव, पोहे आणि साबुदाण्याला नायलॉन करून टाकलं.

ब्रिटनशी नायलॉनचं खरं नातं लंडनचं नव्हे, तर दक्षिण वेल्समधल्या पॉन्टीपूल या गावाचं आहे. कोळसा, लोखंड आणि कथिलाचा मुलामा दिलेले पत्रे यांवर हा मुलूख जगत असे. १९३०च्या मंदीत तो कोसळला. दुसऱ्या महायुद्धात कारखाने पुन्हा धडधडले, पण युद्ध संपलं की जुनी बेकारी परतणार हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून १९४५मध्ये ब्रिटिश संसदेने उद्योगांच्या वाटणीचा कायदा केला. दक्षिण वेल्स, ईशान्य इंग्लंड, स्कॉटलंडचा मध्य पट्टा अशा भागांत सरकार स्वतः कारखान्यांच्या इमारती बांधू लागलं, कर्ज देऊ लागलं. दुसरीकडे सिमेंट-पोलादाची टंचाई होती, त्यामुळे बांधकामाला परवाना लागे, आणि लंडनजवळ तो सहजी मिळत नसे. गाजर आणि छडी, दोन्ही.

पण सवलत जाहीर केली की कारखाना धावत येतो, असं सामंजस्य करारांच्या बातम्या वाचून वाटतं तेवढं हे सोपं नसतं. कोणता उद्योग हलू शकतो, हे आधी रसायनशास्त्र ठरवतं. मला यातला हाच भाग सर्वांत आवडतो.

अकरावी-बारावीच्या भूगोलात भेटलेला वेबर आठवा, कारखाना कुठे उभा राहतो याचा नियम मांडणारा जर्मन अर्थतज्ज्ञ. कच्च्या मालाच्या वजनाला पक्क्या मालाच्या वजनाने भागायचं. उत्तर एकाहून खूप मोठं आलं, तर कारखाना खाणीजवळ जातो. एक टन लोखंडासाठी कोळसा आणि खनिज मिळून कित्येक टन माल ओतावा लागे, म्हणून भट्ट्या वेल्सच्या दऱ्यांत होत्या. आता नायलॉन ६,६ या नायलॉनच्या प्रकाराचं गणित करू. ॲडिपिक आम्लाचा रेणुभार १४६, त्याच्या जोडीदार डायअमाइनचा ११६. बेरीज २६२. दोघांची साखळी जुळताना प्रत्येक जोडीमागे पाण्याचे दोन रेणू, म्हणजे ३६, बाहेर पडतात. उरले २२६. भागाकार १.१६! जवळजवळ सगळा माल धाग्यात उतरतो, आणि वर धागा महाग. तो कच्चा माल देशाच्या दुसऱ्या टोकाहून आणला तरी भाड्याने कंबरडं मोडत नाही.

मग धागा बनतो कसा? नायलॉन सुमारे २६५ अंश सेल्सियसला वितळतं. तो पाक बारीक छिद्रांच्या चकतीतून खाली सोडतात आणि पडता पडता हवेने थंड करतात. पडायला उंची हवी, म्हणून कारखान्याला मनोरा. पण हा धागा अजून कुचकामी असतो. ताणला तर लांबतो आणि तसाच राहतो. आतल्या साखळ्या गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. मग त्याला मुद्दाम ओढून सुमारे चौपट लांब करतात. साखळ्या एका दिशेला लागतात, शेजारच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध जुळतात, आणि धागा एकदम चिवट होतो. इतका, की त्याच्या मांज्याने संक्रांतीला पक्ष्यांचे पंख कापले जातात. पातळ प्लास्टिक पिशवीची पट्टी हळूहळू ओढून पाहा. मध्येच ती अरुंद होते आणि तो अरुंदपणा दोन्हीकडे सरकत जातो. पिशवीचं प्लास्टिक वेगळं, पण प्रकार तोच.

राहिली हवा. मुंबईच्या गिरण्यांना दमट हवा मानवली, हे आपण शाळेत घोकलं. नायलॉनलाही आर्द्रता लागते. नेहमीच्या हवेत ते सुमारे चार टक्के पाणी धरून असतं. हवा कोरडी झाली की घर्षणाने आलेला विद्युतभार धाग्यावर साचतो आणि तंतू एकमेकांना ढकलू लागतात. (थंडीत अंधारात नायलॉनची साडी उतरवताना उडणाऱ्या ठिणग्यांमागे आमच्या शेजारच्या काकूंना करणीचा संशय होता. त्यांनी लिंबू उतरवलं. बादलीभर पाणी खोलीत ठेवलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.) कारखान्याने हा प्रश्न यंत्रांनी सोडवला, तापमान आणि आर्द्रता दोन्ही आतल्या आत राखली. म्हणजे खाणीचं बंधन गेलं, हवामानाचंही गेलं. उरली माणसं, पाणी आणि मोकळी जमीन. पॉन्टीपूलकडे तिन्ही होतं.

आयसीआय आणि कोर्टोल्ड्स या कंपन्यांनी १९४०मध्ये मिळून काढलेल्या ब्रिटिश नायलॉन स्पिनर्सने युद्धात पॅराशूटसाठी सूत काढलं होतं. तिचा पॉन्टीपूलजवळच्या मॅमहिलॅडचा मोठा कारखाना १९४८मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी दक्षिण वेल्समधल्याच मर्थर टिडफिलला हूव्हर कंपनीची कपडे धुण्याची यंत्रं बनू लागली. खाणीत बायकांना जागा नव्हती. या कारखान्यांत होती.

फक्त १.१६ हा आकडा दोन्ही बाजूंनी चालतो. ज्याला जमिनीशी बांधणारं वजन नाही, ते यायला मोकळं तसंच जायलाही. १९९०च्या दशकात आयसीआयचा नायलॉन व्यवसाय ड्यूपॉन्टकडे गेला. आज मॅमहिलॅडच्या त्या आवारात कचेऱ्या आणि भाड्याचे गाळे आहेत. आणि आपल्या गोरेगावात जिथे निरलॉन कंपनीचं नायलॉन सूत निघायचं, तिथे आता आयटी पार्क आहे.